चार इंची लाईनला दोन इंची मीटर: व्होर्टेक्स फ्लोमीटर निवडण्याचा माझा अनुभव

आमचा कारखाना रबाळे एमआयडीसीत. गेल्या वर्षी स्टीम, कॉम्प्रेस्ड एअर आणि पाणी अशा तीन लाईनींसाठी व्होर्टेक्स मीटर (भोवरे मोजून प्रवाह सांगणारे) निवडायचं काम माझ्याकडे आलं. एअर आणि पाण्याचं आठ दिवसांत उरकलं. स्टीमला अडीच महिने लागले, ते फॉर्मवरच्या एका रकान्यापायी. तो राग अजून गेलेला नाही.

स्टीमवर आधीचा एक ४ इंची व्होर्टेक्स होताच. दिवसा नीट चालायचा, रात्रपाळीत सरळ शून्य दाखवायचा. तिकडे दोन ड्रायर चालू, इंधन जळतंय आणि मीटर म्हणतो स्टीम नाहीच. महिनाअखेरीस हिशेब जुळेना. सगळ्यांनी मिळून मीटर खराब ठरवला आणि कॅलिब्रेशनला पाठवला. तीन आठवड्यांनी परत आला, रिपोर्ट एकदम ओके. बसवला, आणि रात्री पुन्हा शून्य.

मीटर खराब नव्हताच. आत एक आडवी पट्टी असते, तिच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि सेन्सर ते मोजतो. वाऱ्यात तार गुणगुणते ती याच भोवऱ्यांमुळे. स्ट्रोहालने १८७८ मध्ये त्याचा अभ्यास केला होता. भोवऱ्यांची संख्या वेगावर ठरते, घनतेवर नाही, म्हणून स्टीमचा मीटर पाण्यावर कॅलिब्रेट करता येतो. पण भोवऱ्याचा जोर घनता गुणिले वेगाचा वर्ग असा बदलतो. ८ बारच्या सॅच्युरेटेड (उकळबिंदूवरच्या) स्टीमची घनता घनमीटरला साधारण ४.६५ किलो, पाण्याची हजाराच्या आसपास. पाण्यावर पास झालेला मीटर मंद स्टीमचे भोवरे ऐकू शकेलच असं नाही, आणि ऐकू आले नाहीत की तो शून्य दाखवतो.

म्हणून नवा मीटर मागवायचं ठरलं आणि खरी अडचण इथे सुरू झाली. चौकशीच्या फॉर्मवर खरेदी विभागाने लिहिलं: लाईन ४ इंच, प्रेशर ८ बार, कमाल तासाला ३ टन. हे ३ टन म्हणजे बॉयलरच्या पाटीवरचा आकडा, लाईनचा नव्हे. आणि 'किमान प्रवाह' या रकान्यात 'एन.ए.', म्हणजे 'लागू नाही'. सप्लायरने त्यावरून पुन्हा ४ इंची मीटरचंच कोटेशन पाठवलं. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "साहेब, फॉर्मवर आहे त्यावरच मीटरचं साइझिंग होतं." त्याचंही चुकलं नव्हतं.

मग मी किमान आकडा मागत फिरलो. प्रॉडक्शन म्हणालं, युटिलिटीला विचारा. युटिलिटी म्हणाली, मीटर नीट नाही म्हणून तर नवा घेतोय, आकडा कुठून देऊ? खरेदी विभाग रोज विचारायचा, ऑर्डर कधी फायनल करताय? तीन आठवडे तीन ठिकाणी मेल फिरत राहिले. शेवटी मी स्वतः रात्रपाळीला जाऊन बसलो.

बॉयलरवरच्या काकांकडे एक रजिस्टर होतं. दर पाळीला फीड वॉटर मीटरचं, म्हणजे बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचं रीडिंग, कित्येक वर्षांचं, एकही दिवस न चुकता. जेवढं पाणी आत जातं तेवढीच स्टीम बाहेर येते, म्हणून मला हवं होतं ते सगळं त्यात होतं. रात्री ११ ते सकाळी ७ पाणी सुमारे २ घनमीटर, म्हणजे तासाला २५० किलोच्या आसपास. ब्लोडाऊन (बॉयलरमधून मुद्दाम सोडून दिलेलं पाणी) वजा केला तर थोडं कमी. दिवसा ९००, जास्तीत जास्त १,२००.

आता हिशेब सोपा होता. ४ इंची पाइपमध्ये दिवसा वेग सेकंदाला ७ मीटरच्या आसपास, रात्री १.९. वेग साडेतीन पट कमी, म्हणजे भोवऱ्याचा जोर बारा-तेरा पट कमी. त्या मीटरला या घनतेला सेकंदाला किमान ३ मीटर वेग लागत होता. २ इंचीत रात्री साडेसात, दिवसा २७, कमाल ३७. आरामात बसतं.

तरी मॅनेजर साहेब अडले: "चार इंची लाईनला दोन इंची मीटर? प्रेशर पडेल." कमाल प्रवाहालाही मीटरमध्ये ०.०७ बारच पडतो, हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा सही झाली. तुमच्याकडेही हा प्रश्न येणारच, उत्तराचा कागद आधीच तयार ठेवा.

रिड्यूसर (मोठा पाइप लहान पाइपला जोडणारा तुकडा) मागवताना एक्सेंट्रिक, म्हणजे एका बाजूने सपाट असलेला मागवा आणि सपाट बाजू खाली ठेवा, नाहीतर आडव्या लाईनीत कंडेन्सेट (स्टीम थंड होऊन झालेलं पाणी) साचतं. मीटरच्या आधी ते पाणी काढून टाकणारा ट्रॅप हवाच. सरळ पाइप मीटरच्याच साइझचा मोजायचा: साध्या बेंडनंतर आम्ही व्यासाच्या २० पट, म्हणजे १ मीटर ठेवला, पुढे ५ पट. कंट्रोल व्हॉल्व्हच्या लगेच पुढे मीटर बसवू नका.

एअरचंही सांगतो, कारण तिथे आठ पटींची चूक होऊ शकते. कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा आकडा फ्री एअरचा, म्हणजे दाबण्याआधीच्या बाहेरच्या हवेचा असतो. ७ बारच्या लाईनीत तीच हवा जवळपास आठ पट कमी जागेत मावते. आकडा कोणता ते फॉर्मवर स्पष्ट लिहा. पाण्यासाठी पाइप पूर्ण भरलेला हवा, शक्यतो खालून वर जाणारा. फर्नेस ऑइलसारख्या दाट द्रवाला व्होर्टेक्स घेऊच नका, तिथे रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि दाटपणा यांवरून काढलेला आकडा) फार खाली येतो आणि भोवरे नीट सुटत नाहीत.

आणि हो, ऑर्डरमध्येच आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) प्रमाणपत्र मागा. ३.५ किलो दाबाच्या वरची स्टीम लाईन त्यात येते, आणि नंतर तो कागद मिळवताना दमछाक होते. मीटरच्या मानेवर इन्सुलेशन गुंडाळू देऊ नका. डोक्यातलं इलेक्ट्रॉनिक्स तापतं. आम्ही डोकं बाजूला वळवून बसवलं.

बसवल्यावर पहिल्याच रात्री पावणेतीनला काकांचा फोन आला. "साहेब, आकडा दिसतोय. दोनशे अडतीस." मी उठून बसलो, पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. आता त्यांच्या रजिस्टरमध्ये पाण्याच्या रकान्याशेजारी स्टीमचाही रकाना आखलेला आहे.