चतुर पंडितांची पुस्तकं

आपल्या संगीतशाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचं, तर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याविषयी लिहायलाच हवं. इथल्या प्रत्येक वर्गात त्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' उघडली गेली आहे. १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेले भातखंडे शिकले वकिली, पण देशभर हिंडून घराण्यांतल्या बंदिशी त्यांनी जमवल्या, लिपीबद्ध केल्या आणि 'चतुर' या नावाने स्वतःही रचल्या.

त्यांची लक्षणगीतं, म्हणजे रागाची लक्षणं सांगणारी गाणी, मला फार मोलाची वाटतात. थाट (रागाचा मूळ स्वरसमूह), वादी-संवादी (रागातले मुख्य दोन स्वर), गानसमय शब्दांत सांगितलेले आणि रागाचं चलन, म्हणजे स्वरांची वळणं, चालीत. परीक्षेपुरते नुसते शब्द घोकले, तर ते चलन गळ्यावर चढतच नाही. म्हणून आधी ओळ हाताने ताल देत स्वरांत म्हणायची, मग आकारात ('आ' म्हणत), आणि शब्द सगळ्यात शेवटी.

त्यांची स्वरलिपी वाचायला सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराला खाली टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वराला वर. चुका होतात त्या तालात. सोळा मात्रांच्या त्रितालातल्या कितीतरी बंदिशी 'खाली'पासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. पुस्तकात ओळीच्या सुरुवातीला ० (खालीची खूण) असतं आणि × (समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची खूण) मध्यावर. नवखा विद्यार्थी ओळीचा पहिला स्वरच सम धरतो आणि सगळी बंदिश आठ मात्रांनी सरकते. दुसरी चूक श्वासाची. स्वरापुढची आडवी रेघ किंवा अक्षरापुढचा ऽ म्हणजे स्वर लांबवायचा. तिथे श्वास घेतला की ओळ तुटते. कंसातला (प) तर बहुतेक जण साधा पंचम म्हणून मोकळे होतात. तो खरं म्हणजे धपमप, तेवढ्याच जागेत बसवलेला.

काही गोष्टी मात्र या लिपीत मावत नाहीत, हेही सांगायला हवं. दरबारी रागाचा कोमल गंधार छापून येतो तो 'ग' आणि खाली रेघ, एवढाच. त्याचं आंदोलन (हळुवार झुलणं), अवरोहात (स्वर उतरताना) त्याचं रेंगाळणं, रिषभाकडे झुकणं हे गुरूच्या गळ्यातूनच घ्यावं लागतं. शाळेच्या कपाटातल्या जुन्या प्रती काढून पाहा, त्या गंधारावर पेन्सिलीने काढलेली नागमोडी रेघ दिसेल.