डोमेन हलवताना

बडोद्यात दांडिया बाजार आणि रावपुरा परिसरातील काही परिचितांच्या वेबसाइट मी सांभाळतो. त्यांत एका वहिनींचा फराळाचा व्यवसाय आहे, कुणाचे शिकवणीचे वर्ग आहेत, एक भजनी मंडळही आहे. यंदा आमच्या जुन्या रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने, नूतनीकरणाचे दर भरमसाट वाढवले, म्हणून ही डोमेने, म्हणजे वेबसाइटची नावे, दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचे ठरले.

नियम तसे ग्राहकाच्या बाजूचे आहेत. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनांसाठी ‘आयकॅन’ या जागतिक संस्थेने ठरवून दिले आहे, की ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा गुप्त संकेत) मागितल्यावर रजिस्ट्रारने तो पाच दिवसांत दिला पाहिजे आणि हस्तांतराच्या विनंतीवर जुनी कंपनी पाच दिवस गप्प बसली तर ती संमती धरली जाते. (डॉट इन ‘निक्सी’ या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत येते, त्याचे नियम निराळे.) तरीही कोड मागण्याचे बटण शोधताना दमछाक होते, कारण ते सवलतींच्या जाहिरातींमागे दडलेले असते, आणि चॅटवरचा प्रतिनिधी कोडाऐवजी आणखी एक सवलत पुढे करतो. याला मी निष्काळजीपणा मानत नाही; हे ठरवून केलेले असते.

खरा गुंता मात्र मालकीच्या नावाचा असतो. आपल्याकडे घरात ज्याला संगणक कळतो त्याच्या नावावर डोमेन घेण्याची रीत आहे. वहिनींचे डोमेन त्यांच्या भाच्याच्या नावावर होते. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि नोंदीत दिलेला त्याचा ई-मेल पत्ता कधीचाच बंद पडला होता. अशा वेळी आधी नाव-पत्ता नीट करून घ्यावा आणि मग डोमेन हलवावे, हे कुणालाही सुचेल. परंतु मालकाचे नाव किंवा ई-मेल बदलला की डोमेनला ६० दिवसांचे कुलूप लागते, म्हणजे तेवढे दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, आणि हे कुलूप टाळण्याची मुभा द्यायची की नाही हे रजिस्ट्रारच ठरवतो. चोरीला गेलेले डोमेन झटपट दुसरीकडे पळवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. त्याची झळ मात्र प्रामाणिक माणसालाही बसते. म्हणून रजिस्ट्रारच्या पॅनेलचा पासवर्ड हाताशी असेल आणि कोड तिथेच मिळत असेल, तर आधी डोमेन हलवावे आणि मालकाचे नाव नव्या ठिकाणी गेल्यावर बदलावे. वहिनींचे काम तसेच झाले.

डीएनएसची, म्हणजे वेबसाइट आणि ई-मेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या नोंदींची, व्यवस्था जुन्या रजिस्ट्रारकडेच असेल, तर डोमेन गेल्यावर ते लोक ती सेवा बंद करू शकतात. मग वेबसाइट तर जातेच, पण ऐन दिवाळीत ई-मेलवर येणाऱ्या चिवडा-चकलीच्या ऑर्डरीही कुठे गेल्या ते कळत नाही. सगळ्या नोंदी, विशेषतः ई-मेलची एमएक्स नोंद, आधीच दुसरीकडे उभ्या करून नेमसर्व्हर (या नोंदी पुरवणारे संगणक) बदलणे आणि डीएनएसएसईसी (या नोंदी खऱ्या आहेत का ते तपासणारी सुरक्षा) चालू असल्यास ते तात्पुरते काढणे, एवढे केले की हा धोका उरत नाही.

भजनी मंडळाचे डॉट ऑर्ग तेवढे मागे राहिले आहे. मंडळाचे सचिव असलेल्या काकांनी उत्साहाच्या भरात स्वतःच मालकाचे नाव बदलून टाकले आणि कुलूप लागले. ते उघडण्याआधीच डोमेनची मुदत संपते. मुदतीनंतर ते आपोआप नूतनीकृत झाले आणि त्यापुढच्या ४५ दिवसांत आम्ही ते हलवले, तर नूतनीकरणाचे वर्ष रद्द होऊन फक्त हस्तांतरासोबत मिळणारे वर्ष हाती राहते, आणि भरलेल्या पैशांसाठी जुन्या कंपनीच्या मागे लागावे लागते. मुदतीपूर्वी स्वतःहून नूतनीकरण करून काही दिवस थांबले तर दोन्ही वर्षे मिळतात. तेव्हा वाढीव दराने का होईना, या महिन्यातच पैसे भरून टाकावेत असे मी काकांना सुचवले आहे. कोषाध्यक्षांशी बोलून कळवतो, असे ते म्हणाले.