हिरवी टिक आणि केर्लीचा रस्ता

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन टेबलं आणि एक इन्व्हर्टर, जो पावसाळ्यात आमच्यापेक्षा जास्त राबतो. दुकानदारांच्या वेबसाईटी करून देतो. त्या जुलैत एका तालमीच्या पोरांना एक साईट फुकटात करून दिली होती, पुराची माहिती देणारी. कुठला रस्ता बंद, राहायची सोय कुठं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, एवढंच. 2019 ला शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा व्हॉट्सॲपवर जुनेच मेसेज दिवसदिवस फिरत होते, कोण म्हणतंय सुरू झाला, कोण म्हणतंय नाही, आणि कुठला मेसेज कधीचा हे कुणालाच कळत नव्हतं, तिथनं ही कल्पना.

साईट मुद्दाम स्टॅटिक ठेवली. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, नुसत्या तयार एचटीएमएल फाईली. पाणी वाढायला लागलं की सगळं गाव एकदम साईट उघडणार, तिथं स्वस्तातल्या होस्टिंगवर वर्डप्रेस टाकून बसलो असतो तर पहिल्या तासातच त्यानं मान टाकली असती. मजकूर मार्कडाऊनमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्ट फाईलीत, आणि त्या फाईली गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर, आमच्या रिपॉझिटरीत म्हणजे फोल्डरात. तिथल्या मुख्य प्रतीत काही बदल चढवला, म्हणजे पुश केला, की वर्कफ्लो, म्हणजे ठरवून ठेवलेल्या पायऱ्या, आपोआप सुटतो, गिटहबची एक मशीन उठते, कोड उतरवून घेते, ह्युगो नावाचा प्रोग्रॅम चालवून पानं बनवते आणि गिटहब पेजेस या त्यांच्याच होस्टिंगवर चढवते. सगळं नीट झालं की हिरवी टिक, नाहीतर लाल. मिनिट-दोन मिनिटांचं काम. पूर्वी हेच आम्ही फाईलझिला या सॉफ्टवेअरातनं एकेक फाईल हातानं सर्व्हरवर ओढून टाकायचो, आणि दर चौथ्या वेळेला एखादी फाईल टाकायची राहायचीच, मग गिऱ्हाईकाचा फोन. त्यामुळं हा ऑटोमॅटिक प्रकार मला फार आवडतो, राधानगरी धरणाच्या त्या 7 स्वयंचलित दरवाजांसारखा, तलाव भरला की दार आपलं आपण उघडतंय, कुणी रात्री उठून चाक फिरवायला नको.

तर त्या दिवशी सकाळी पाणी 39 फुटांची इशारा पातळी कधीच ओलांडून 43 च्या धोका पातळीकडं चाललेलं. सुतारवाड्यातली माणसं हलवायला लागली होती. ऑफिसला पोचायच्या आधीच आमच्या पोरानं (आमच्याकडं शिकतोय, हुशार आहे, पण घाई फार) घरनंच मोबाईलवर गिटहब उघडून पोस्ट टाकली, केर्लीजवळ पाणी आल्यानं रत्नागिरी रस्ता बंद. मला मेसेज केला, "दादा, टाकलंय, टिक हिरवी आल्या." मी म्हटलं बरं झालं, आणि चहा घेतला.

दहाच्या सुमाराला एका दुधाच्या टेम्पोवाल्याचा फोन. नंबर साईटवर खाली दिलेला होता, माझाच.

"ओ दादा, तुमच्या साईटीवर रस्ता चालू दाखवालंय आणि हितं पाणीच पाणी हाय. आलो की मी हितवर!"

मी मोबाईलवर साईट उघडली. सगळ्यात वर पोस्ट, 'रत्नागिरी रस्ता सुरू आहे, वाहनं सावकाश'. आता बंद म्हणून टाकलेली पोस्ट कुठंच नाही. पोटात गोळाच आला, कारण साईट बंद पडणं एक वेळ चालतं, साईट खोटं बोलणं नाही. टेम्पोवाल्याची माफी मागितली, तो बिचारा पाण्याच्या आधीच थांबला होता, मागं फिरला. पहिलं काम म्हणजे पोराला तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हातानं मेसेज टाकायला लावला, साईटवर विश्वास ठेवू नका म्हणून. स्वतःच्याच साईटबद्दल हे टाईप करायला सांगताना काय वाटतं ते सांगत नाही.

मग बसलो शोधायला. आधी ब्राउझरनं साठवलेलं जुनं पान, म्हणजे कॅशे, दिसत असेल म्हणून इनकॉग्निटोत बघितलं, तेच. पेजेसची कॅशे 10 मिनिटांची असते म्हणून तेवढा वेळ घड्याळाकडं बघत बसलो, तेच. वर्कफ्लो परत चालवला, परत हिरवी टिक, परत तेच. रिपॉझिटरीत फाईल आहे, मजकूर बरोबर, ड्राफ्ट म्हणून मार्क केलेली पण नाही. पोरगं तोवर भिजत ऑफिसात आलेलं, ते म्हणालं, "दादा, तुमच्या लॅपटॉपवर चालवून बघा की." चालवलं तर माझ्याकडं दिसतंय! रस्ता बंद, सगळ्यात वर, ठणठणीत.

शेवटी वर्कफ्लोचा लॉग उघडून नीट वाचला, जो मी हिरवी टिक आली की कधीच वाचत नाही. ह्युगो शेवटी एक छोटा तक्ता छापतो, किती पानं बनवली त्याचा. तिथला आकडा माझ्या लॅपटॉपवरच्या आकड्यापेक्षा एकानं कमी. म्हणजे एक पान त्यानं बनवलंच नाही, आणि एरर पण दिली नाही.

फाईल परत उघडली आणि तारखेच्या ओळीवर नजर अडकली. आम्ही ऑफिसातनं नवीन पोस्ट कमांडनं काढतो, तेव्हा तारखेच्या मागं अधिक साडेपाच तास हे आपोआप लागतं. पोरानं मोबाईलवर तारीख हातानं लिहिलेली, सकाळी 9:30, पुढं काहीच नाही. टाइमझोन नाही म्हटल्यावर ह्युगोनं ते यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ, धरलं. यूटीसीतले साडेनऊ म्हणजे आपले दुपारचे 3. आणि भविष्यातली तारीख असलेली पोस्ट ह्युगो छापतच नाही, गप सोडून देतो. त्याच्या दृष्टीनं केर्लीचा रस्ता अजून बंद व्हायचा होता.

मग 'सुरू आहे' ही पोस्ट कुठनं आली? ती पोरानं आदल्या रात्री 11 ला टाकलेली, तशीच हातानं. ती पण रात्रभर भविष्यातच पडून होती, आपल्या पहाटे साडेचारला तिची वेळ झाली, पण स्टॅटिक साईट आपली आपण बदलत नाही, पुढचा पुश होईपर्यंत बसून राहिली. आणि पुढचा पुश कुठला, तर रस्ता बंद सांगणारा. म्हणजे बंदच्या पुशनं सुरूची पोस्ट बाहेर काढली आणि स्वतःची आत ठेवली. आयला, मुद्दाम कुणी करायचं ठरवलं तरी इतकं जमणार नाही.

माझ्या लॅपटॉपवर का दिसत होतं, तर मी कधीतरी, कुठल्यातरी गिऱ्हाईकाच्या कामाला, कमांडला भविष्यातली पानं पण दाखव असा फ्लॅग लावून शॉर्टकट करून ठेवलेला, आणि विसरलेलो. पोराला ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

दुरुस्ती दोन मिनिटांची. तारखेमागं साडेपाच तास लावले, पुश केलं, आणि या वेळी टिक न बघता चौघांनी चार मोबाईलवर साईट बघितली. नंतर कॉन्फिगमध्ये टाइमझोन एशिया कोलकाता असा टाकला, म्हणजे हातानं लिहिलेली तारीख पण आपलीच धरली जाईल. माझा शॉर्टकट पुसला. आणि वर्कफ्लोत एक पायरी वाढवली, भविष्यातली एकही पोस्ट सापडली तर तिथंच थांब, लाल हो, काही चढवू नकोस.

टेम्पोवाल्याला दुपारी फोन करून सांगितलं, आता बरोबर आहे म्हणून. तो म्हणाला, "व्हय, पर मी आता आधी माणसाला फोन लावून इचारणार, मग साईट."

पाणी उतरलं, साईट तालमीनं तशीच ठेवली आणि गणपतीचे कार्यक्रम पण तिच्यावरच टाकायला लागले. ऑगस्टात एका रात्री पोराचा फोन, आवाज घाबरलेला, "दादा, लाल आलंय, पूर्ण लाल."

"तारीख काय टाकलीस?"

"आगमनाची मिरवणूक ज्या दिवशी हाय, तीच की."

"मग ती मजकुरात लिही लेका, वर आजची टाक."

फोन चालू ठेवूनच त्यानं बदललं. टिक आली असणार, पण तो काही बोलला नाही, मला नुसता त्याचा घरच्यांना आवाज ऐकू आला, "आई, तुझा मोबाईल दे जरा, साईट बघायची हाय."