घाट राहू द्या, कऱ्हेकाठाने चला

पुण्यात सायकलवाल्याला रविवारी कुठे गेला होतास विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. सिंहगड, कात्रजचा जुना बोगदा, नाहीतर खडकवासला आणि परत. मग लगेच किती मिनिटांत चढलास, स्ट्राव्हा ॲपवर कितवा आलास, हार्ट रेट किती गेला वगैरे. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही, चढ चढावेतच, पण घाटमाथ्यावर फोटो काढून तिथूनच मागे फिरणारे बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण घाट हा नुसता उंबरठा आहे आणि ही मंडळी उंबरठ्याला हात लावून घरी जातात.

म्हणून मी राईड ठरवताना घाट बघत नाही, नदी बघतो. जुनी गावं नदीला धरून वसलेली, गावागावांना जोडणारे रस्तेही जुन्या वहिवाटीचेच, नंतर त्यांच्यावर डांबर पडलं एवढंच. हायवे झाल्यावर मोठ्या गाड्या तिकडे गेल्या आणि हे रस्ते मोकळे झाले. जिथे एसटी दिवसातून एकदोनदाच येते तो रस्ता डोळे झाकून चांगला समजायचा (सायकल मात्र डोळे उघडे ठेवून चालवा). पुण्याच्या जवळपास असं करायला सगळ्यात भारी नदी माझ्या मते कऱ्हा. गराड्याच्या बाजूला उगम, मग सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती करत नीरेला मिळते, आणि पावसाळा सोडला तर बऱ्याच ठिकाणी पाणी बेताचंच. पण काठाला मंदिरं, वाडे आणि गढ्या बघाल तर वाटतं इथे कोण कोण राहून गेलं असेल.

सासवडला जायला दोन घाट, दिवे आणि बोपदेव. दिवे घाट पालखीचा, आषाढी वारीत माउलींची पालखी तिथून चढते तेव्हा बघण्यासारखं असतं, खाली वडकीजवळ मस्तानी तलावही आहे, पण एरवी तिथे ट्रक, एसट्या आणि रुंदीकरणाची धूळ, सायकलला मजा नाही. मी बोपदेवने जातो. कोंढवा-येवलेवाडी पार करणं हीच काय ती शिक्षा, टँकर आणि सिमेंटचे मिक्सर सकाळी सहालाच सुरू होतात, त्यामुळे उजाडता उजाडता घाटाच्या पायथ्याशी असायला हवं. त्याआधी अंधारात एकट्याने घाटात घुसू नका, दोघं-तिघं मिळून जा. स्वारगेटपासून सासवड साधारण ३० किमी, म्हणजे नवख्या माणसालाही जाऊन येण्यासारखं.

माथ्यावर आलात की एकदम हवा बदलते. डावीकडे कानिफनाथचा डोंगर, समोर पुरंदर-वज्रगडची जोडी, आणि मध्ये सगळा चढउताराचा मुलूख, मोठा चढ एकही नाही आणि सपाट शंभर मीटरही नाही असा. भिवरी, चांबळी, हिवरे अशी गावं एकामागून एक येतात. हिवाळ्यात दोन्ही बाजूला वाटाणा, मध्येच शेवंतीचा पिवळा पट्टा. सकाळी मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन निघालेली माणसं हात करतात आणि टपरीवर थांबलं की पहिला प्रश्न किंमत किती. खरी किंमत मी सांगत नाही. एकदा एका आजोबांनी सायकल एका बोटावर उचलून बघितली, खाली ठेवली आणि म्हणाले, "एवढी हलकी हाय तर मग तुला घाम का आलाय?" ह्याला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

इथून आत वळलं की कोडीत. आचार्य अत्रे १८९८ साली इथे जन्मले, नंतर शाळा सासवडला. गावातून फिरताना त्यांच्या भाषेतला तो मोकळा ठसका कुठून आला असेल ह्याचा थोडा अंदाज येतो, निदान मला तरी आला, दोन बाया नळावर ज्या पद्धतीने एकमेकींना ऐकवत होत्या त्यावरून.

सासवडमध्ये मुख्य रस्त्यावर थांबून मिसळ खाऊन निघू नका. संगमेश्वरला जा. कऱ्हा आणि चांबळी ह्या दोन नद्यांच्या संगमावर दगडी मंदिर, खाली घाट आणि पायऱ्या, सकाळी गुरव सोडून कुणी नसतं. नदीकाठानेच थोडं पुढे चांगावटेश्वर, तेही तितकंच शांत, खांबांवरचं कोरीव काम बघत बसलात तर राईडचा ॲव्हरेज गेलाच म्हणून समजा. सोपानदेवांची समाधी गावात आहे, पुरंदऱ्यांचा वाडा आहे, आणि भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये गेला तो इथेच, पुण्यात नाही. पेशवाई म्हटलं की आपण सरळ शनिवारवाड्यावर जातो, पण तो बांधला नंतर, त्याच्या मुलाने, बाजीरावाने. आधीचा कारभार सासवडातून चालायचा.

सासवडहून सोनोरी जेमतेम सहा-सात किमी. गावात पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे ह्यांचा बुरुजांचा वाडा आहे आणि वर मल्हारगड. हा गड पानशांनीच १७५७ ते १७६० च्या आसपास बांधला, मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला म्हणतात त्याला. आकाराने एवढा लहान की वर जाऊन फिरून खाली यायला फार वेळ लागत नाही, पण रोड सायकलचे शूज घालून चढू नका, तळाला पेडलमध्ये अडकवायची क्लीट असते, तिची वाट लागते. पाठीच्या पिशवीत चपला ठेवा, वजन काही होत नाही.

आता ह्या पट्ट्यातला माझा सगळ्यात आवडता भाग, आणि ह्याच्याबद्दल लिहिताना हात जरा अडतोय. सासवडच्या पूर्वेला वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव अशी गावं आहेत. नाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे, पुरंदर विमानतळासाठी ज्या सात गावांची जमीन ठरली ती हीच. रस्ते अरुंद, कडेला सीताफळीच्या आणि अंजिराच्या बागा, मध्येच विहिरीवरचा मोटरपंप, आणि खानवडी तर महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव, साताऱ्याकडच्या कटगुणहून गोऱ्हे मंडळी (फुल्यांचं मूळ आडनाव हेच) इथे आली आणि इथून पुण्याला. ज्या माणसाने शेतकऱ्याचं दुःख सरकारदरबारी मांडलं त्याच्याच गावात आता शेतकरी जमिनीच्या मोजणीवरून रस्त्यावर बसतात. पारावर चहा पिताना हा विषय निघतोच, तुम्ही काढला नाही तरी ते काढतात, कारण शहरातून आलेला अनोळखी माणूस म्हणजे आधी एजंटच वाटतो. कुणी मोबदल्याचा हिशोब करत असतं, कुणी म्हणतं पैसा संपतो, बाग संपत नाही. मला विमान पकडायला लोहगावच्या रांगेत उभं राहायला आवडतं अशातला भाग नाही, पुण्याला मोठा विमानतळ हवा हे मलाही पटतं, पण ह्या रस्त्यावरून सायकल चालवल्यावर मला "पडीक जमीन आहे तिकडे, काय फरक पडतो" असं म्हणणाऱ्याशी बोलवत नाही. पडीक कुठे आहे ते एकदा येऊन दाखवा. जायचं असेल तर लवकर जाऊन या एवढंच सांगतो.

पुढे राजेवाडी, आंबळे. ही पुणे-मिरज रेल्वेमार्गावरची छोटी स्टेशनं, फाटकाजवळ थांबावं लागलं की समजायचं आज नशिबात विश्रांती आहे. आंबळ्यात दरेकरांची गढी आहे, गावाच्या मानाने प्रचंड. तिथून वाघापूर चौफुल्याला आलात की दोन पर्याय. पायात दम असेल तर माळशिरसकरून भुलेश्वर, नसेल तर शिंदवणे घाट उतरून उरुळी कांचन.

भुलेश्वरचा शेवटचा चढ छोटा पण आखडून टाकणारा. बाहेरून बघाल तर घुमट आणि मिनारासारखे भाग, मंदिर वाटतच नाही, आणि आत गेलात की यादवकाळातलं काळ्या दगडातलं काम, त्यात स्त्रीरूपातला गणपतीही आहे, तो शोधावा लागतो. ह्याच टेकडीवर आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने दौलतमंगळ किल्ला बांधला, त्याच मुरार जगदेवाने ज्याने १६३० मध्ये पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला. त्याने राखलेल्या टेकडीवर पुणेकर रविवारी सहलीला जातात आणि बुंदीचे लाडू खातात, इतिहासात असंही चालतं.

शिंदवणे घाट उतरायला मस्त आहे पण उरुळीत पोचल्यावर सोलापूर रोड लागतो आणि मग पुण्यापर्यंत कानाशी ट्रक. मी सहसा आल्या वाटेने बोपदेवकडूनच परत येतो, जास्त चढ लागला तरी चालेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ऊन वाढायला लागलं की दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि परतीचा रस्ता बरोब्बर वाऱ्याच्या तोंडी येतो, त्यामुळे मार्चनंतर अकराच्या आत घाटमाथ्यावर परत असा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन. टायर २५ मिमी रुंदीचा असेल तर निघेल, २८ किंवा ३२ असेल तर दुवा द्याल, गावातले स्पीडब्रेकर कुणी आपापल्या मर्जीने घातलेले असतात आणि कडेला उभी केलीत की बाभळीचा काटा हमखास, दोन ट्यूब जवळ हव्यातच. कुत्री पोल्ट्रीजवळ मागे लागतात, पेडल मारत पळण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरली की गप्प होतात. जेजुरीच्या पुढे मोरगावकडे जात असाल, वाटेत कऱ्हेकाठी पांडेश्वरचं विटांचं जुनं देऊळ जरूर करा, पण गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपासून लांब राहा, मागे रिफ्लेक्टर नसतो आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ओव्हरटेक करताना संपतच नाहीत.

आणि अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. हिवाळ्यात खट्टा बहार येतो, पण थांबता आलं तर मीठा बहार घ्या, मार्चपासून पुढे. शेतकऱ्याकडूनच घ्या, जर्सीच्या मागच्या खिशात अजिबात ठेवू नका, हँडलबारच्या पिशवीत वर्तमानपत्र घालून त्यावर एक थर लावा, आणि बोपदेव उतरताना खड्डे चुकवा.