पात्याचा कोन, सेट आणि धार: यंदाच्या हंगामाची नोंद

मी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात छोटी बँडसॉ मिल, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या दातेरी पात्याने ओंडके चिरणारे यंत्र, चालवतो. आमच्या भागात चिरायला मिळणाऱ्या लाकडात सध्या उभ्या उभ्या वाळलेला ॲश हा वृक्ष फार असतो. २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ आढळलेल्या एमराल्ड ॲश बोरर या हिरव्या भुंगेऱ्याने अमेरिकेतील कोट्यवधी ॲश मारले, आणि मेलेले झाड तोडेपर्यंत त्याच्या खोडातला ओलावा बराच उतरलेला असतो. त्याच्या शेजारी ताजा, मऊ ट्यूलिप पॉप्लर येतो, आणि जानेवारीत आतपर्यंत गोठलेला व्हाइट ओक येतो. या तिन्ही लाकडांना एकच पाते चालवायचे की प्रत्येकासाठी वेगळे ठेवायचे, या प्रश्नावर यंदाचा सगळा हंगाम गेला. फळी सरळ न चिरली जाता तिला लाट आली की बहुतेक जण यंत्राचे रूळ आणि पट्टे तपासू लागतात. माझे मत आता पक्के झाले आहे, की आधी पाते पाहावे आणि मगच यंत्राकडे वळावे.

माझ्या मिलला १५८ इंच लांबीचे, सव्वा इंच रुंदीचे पाते लागते आणि ते १९ इंची चाकांवरून फिरते. जाडी मी ०.०४२ इंचच ठेवतो. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या एक हजारांशाच्या आसपास असावी, असा मोठ्या सॉ मिलमधला जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने १९ इंची चाकाला ०.०१९ इंचाचेच पाते शोभेल. म्हणजे आपल्या छोट्या यंत्रांवर पाते प्रत्येक फेरीत सोसवेल त्याच्या दुपटीहून जास्त वाकते, आणि दोन दात्यांमधल्या खाचेच्या तळाशी सूक्ष्म भेगा पडू लागतात. जाड पाते गाठीतून सरळ जाते हे खरे, पण त्याला इंजिनाची ताकद जास्त लागते आणि लहान चाकावर ते लवकर तुटते. ज्यांचे इंजिन लहान आहे त्यांनी जाडी वाढवण्याआधी कोन बदलून पाहावा.

हा कोन म्हणजे दात्याची पुढची कड किती पुढे झुकलेली आहे ते माप. बाजारात सर्वसाधारण कामासाठी १० अंशांचे पाते मिळते, आणि पॉप्लरसाठी मी तेच वापरतो, कारण मऊ लाकडात असा दाता पटकन घुसतो आणि मोठा भुसा काढतो. वाळलेल्या ॲशमध्ये मात्र हाच दाता गाठीशी आला की पाते वर किंवा खाली पळते. तेथे ७ अंशांच्या पात्याने फरक पडला, आणि गोठलेल्या ओकमध्ये ४ अंशांच्या पात्याने त्याहून स्पष्ट फरक दिसला: ओंडका पुढे सरकायला जास्त जोर लागला, पण फळीची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी राहिली.

कोनाइतकेच महत्त्व सेटला आहे, आणि आपल्या मिलवाल्यांच्या चर्चांत त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दाते आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे किंचित वाकवलेले असतात; हा वाक म्हणजे सेट, आणि त्यामुळे पात्याच्या अंगाला लाकूड घासत नाही. ओल्या, मऊ लाकडात तंतू कापल्यानंतर पुन्हा फुगून येतात, तेव्हा सेट जास्त लागतो. मी तो प्रत्येक बाजूला ०.०२३ ते ०.०२५ इंच ठेवतो. वाळलेल्या आणि गोठलेल्या लाकडात भुसा बारीक पडतो, सेट जास्त असेल तर हा भुसा खाचेत न राहता बाजूने निसटतो आणि गोठलेल्या फळीवर चिकटून बसतो, म्हणून तेथे ०.०१८ ते ०.०२० इंच पुरतो. मोजण्याचे साधन हाताशी नसेल तर चिरलेली फळी उचलून भुसा पाहावा. घट्ट दाबलेला, हाताला गरम लागणारा भुसा असेल तर सेट कमी आहे. दात्यांचे खोल ओरखडे दिसत असतील आणि भुसा सुटा पडला असेल तर सेट जास्त आहे. सेट दोन्ही बाजूंना समान नसेल, तर पाते जास्त वाकलेल्या बाजूला ओढ घेते आणि कितीही ताण दिला तरी सरळ येत नाही.

धार लावताना आधी सेट आणि मग ग्राइंडिंग, हा क्रम मी सोडत नाही. दात्याचे नुसते टोक घासणे स्वस्त पडते, पण दात्याच्या टोकापासून खाचेच्या तळापर्यंत पूर्ण आकार घासणाऱ्या सीबीएन (अतिशय कठीण अपघर्षकाच्या) चाकाने त्या सूक्ष्म भेगाही निघून जातात आणि पात्याचे आयुष्य वाढते, हे मला वापरातून पटले आहे. टोक निळे पडले की उष्णतेने त्याचा कठीणपणा गेला असे समजावे. अशी धार पुढच्याच ओंडक्यात जाते. बोथट पाते ‘आणखी एक फळी’ म्हणून चालवण्याइतके महाग दुसरे काही नाही, कारण त्यातूनच भेगा वाढतात. फार हळू सरकवणेही वाईट: दाता लाकूड कापण्याऐवजी नुसता घासत राहतो.

गावातल्या अंगणातून आलेल्या ओंडक्यांवर मी धातुशोधक फिरवल्याशिवाय पाते लावत नाही. ओकच्या टोकाला निळसर काळा डाग दिसला तर आत खिळा किंवा तार असण्याची दाट शक्यता असते, कारण ओकमधल्या टॅनिनची लोखंडाशी प्रक्रिया होऊन तो रंग येतो.

पात्यावर पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून थेंब थेंब सोडतो. कडाक्याच्या थंडीत पाण्याऐवजी गाडीच्या काचेचे न गोठणारे द्रावण वापरतो. पाते तापले की लांबते, म्हणून ताणाचा काटा मधून मधून पाहावा लागतो, आणि काम संपताच ताण सैल करावा, नाहीतर चाकांवरचे पट्टे एकाच जागी दबून चपटे होतात. मार्गदर्शक रोलर पात्याला सुमारे दोन सूत खाली दाबतात की नाही, हेही नवे पाते लावताना पाहून घ्यावे.

महाराष्ट्रातील मित्र सागवानाबद्दल विचारतात. सागात सिलिका असते, त्यामुळे साध्या कार्बन स्टीलची धार त्यात लवकर जाते. कोन आणि सेट बरोबर असूनही पाते वारंवार उतरवावे लागत असेल, तर स्टेलाइट या कठीण मिश्रधातूच्या टोकांची पाती महाग असली तरी विचारात घ्यावीत. माझ्याकडे पुढचा प्रयोग बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेल्या, पात्याचा आहे: वाळलेल्या ॲशवर, ७ अंशांच्या कार्बन पात्याच्या बरोबरीने, आणि दोन्हींचा सेट ०.०१९ इंच ठेवून.