असनपिंकच्या तळ्याकाठी

शिकार म्हणजे गुन्हा, हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की, न्यू जर्सीतील असनपिंक या सरकारी वन्यजीव क्षेत्रात नारिंगी टोपी घातलेला परवानाधारक शिकारी उघडपणे बंदूक घेऊन जाताना पाहिला की आपण दचकतोच. पिंजऱ्यात वाढवलेले फेझंट (कोंबडीसारखे पक्षी) मोसमात सोडून मग त्यांनाच टिपणे मला अजूनही पटत नाही. मात्र अमेरिकेतील १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरील केंद्रीय कर राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी मिळतो, हेही नाकारता येत नाही.

मला आपला गळच बरा. बास माशाने गांडूळ ओढले की गळाच्या दोरीला बांधलेला तरंगता गोळा क्षणभर थरथरतो आणि सटकन पाण्याखाली जातो. इथे गोड्या पाण्यातील मासेमारीचा परवाना साधारणपणे १६ ते ६९ वयोगटातील रहिवाशांना लागतो. शिकारीच्या मोसमात नुसते फिरायला जाणाऱ्यांनीही शिकाऱ्यांना ठळक दिसावे म्हणून काहीतरी नारिंगी घालावे.