तिकडचं काहीतरी वाचायला दे

मावशीचं न्यू जर्सीचं तिकीट निघालं आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "अगं, तिकडचं काहीतरी वाचायला दे. गोष्टींचं हं. प्रवासवर्णन नको, त्यात सगळे नुसते नायगारा बघून येतात."

पुस्तक सुचवणं हे स्थळ सुचवण्यासारखंच. जमलं तर त्यांचं त्यांनी जमवलं, बिनसलं तर मधल्या माणसाने आयुष्यभर बोलणी खायची. मागे सोसायटीतल्या एका काकांना मी नायपॉल यांचं 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' दिलं होतं. काकांचा मुलगा टोरांटोत, म्हणून. १९६१ सालची कादंबरी. उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांची पुढची पिढी, त्रिनिदाद, आणि सासुरवाडीच्या गोतावळ्यातून सुटून स्वतःचं घर करायला निघालेला एक चिडका माणूस. पंधरा दिवसांनी काकांनी ते परत आणलं. "बरं आहे, पण यात परदेश कुठाय? हा तर आमच्या गिरगावातल्या चाळीतलाच माणूस!" कादंबरीची एवढी मोठी तारीफ मी आजवर ऐकलेली नाही. काकांनी मात्र ती तक्रार म्हणून केली होती.

मावशीला मग झुंपा लाहिरी यांचं 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' दिलं. त्याला २००० साली पुलित्झर मिळालंय, हे सांगितलंच नाही. बक्षीस मिळालेलं पुस्तक म्हटलं की मावशी ते दिवाळीनंतर वाचायला ठेवते. फक्त म्हटलं, "मिसेस सेनची गोष्ट आधी वाच. विळी आहे त्यात."

मिसेस सेन म्हणजे अमेरिकेत गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकाची बंगाली बायको. शाळा सुटल्यावर अकरा वर्षांच्या एलियटला सांभाळते. रोज दुपारी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरते आणि विळीवर भाजी चिरत बसते. त्या विळीचं पातं कसं असतं हे सांगायला लेखिकेला वायकिंगांच्या जहाजाचं टोक आठवावं लागलंय, कारण तिकडच्या वाचकाने ही वस्तू पाहिलेली नसणार. मावशीला कसली आलीय उपमा! तिच्या ओट्याखाली विळी आहेच, खोवणीसकट.

दोन दिवसांनी फोन. "अगं, यांच्याकडे लग्नकार्यात शेजारणी आपापल्या विळ्या घेऊन गच्चीवर जमायच्या म्हणे. रात्रभर गप्पा आणि पन्नास किलो भाजी! आमच्या वाड्यात अस्संच व्हायचं." मग जरा थांबून, "त्या पोराला विचारते बघ, मी आत्ता जोरात ओरडले तर कुणी येईल का? तो म्हणतो, फोन करतील, पण आवाज फार होतोय अशी तक्रारही करतील. काय गं हे?"

पुढे ती बराच वेळ माझ्या मावसभावाच्या घराबद्दल बोलत राहिली. शेजार किती लांब आहे, बस आहे का, गाडी चालवता येत नसेल तर बाई दिवसभर करते काय. मिसेस सेनलाही गाडी चालवायची धास्ती असते, आणि ताजा मासा मिळायचा तर गाडीशिवाय गत्यंतर नाही.

लाहिरींची 'द नेमसेक' ही कादंबरीही द्यायचं मनात होतं. तिच्या पहिल्याच पानावर, १९६८ सालच्या ऑगस्टमध्ये, दिवस भरत आलेली अशिमा चुरमुऱ्यांऐवजी राइस क्रिस्पीज घेऊन त्यात दाणे, कांदा, मिरची कालवते आणि मोहरीच्या तेलासाठी हळहळते. पण खरं तर मावशीच्या हाती द्यायला हवं होतं ते रोहिंटन मिस्त्री यांचं फिरोजशा बाग या मुंबईतल्या पारशी वसाहतीवरचं गोष्टींचं पुस्तक. त्यातल्या शेवटच्या गोष्टीत मुलगा कॅनडात आणि आईवडील मुंबईत. पत्रं येतात, पण त्यांत सांगण्यासारखं काहीच नसतं. मग एक दिवस पार्सल येतं, त्यात त्याने लिहिलेल्या गोष्टी. पत्रांतून न कळलेला मुलगा त्यांना तिथे भेटतो. ते मी दिलं नाही. मावसभावाचा फोन दर रविवारी येतो आणि सात मिनिटांत संपतो, हे मला माहीत आहे.

जायच्या आदल्या रात्री बॅग काट्यावर चढवली. मर्यादा तेवीस किलोंची, भरली दोनशे ग्रॅम जास्त. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, सगळं बाहेर काढून पुन्हा आत. शेवटी मावशीने पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "दोनदा वाचलंय मी."

खाली, साड्यांच्या घड्यांत, जुन्या पेपरात गुंडाळलेली घडीची विळी होती. तिला तिने हात लावू दिला नाही.